शाळेचं बोलावणं

इंदापूर,
ता. ८ नोव्हेंबर १९३७

बाई,

वर काय लिहावं ते ठरेना. तीर्थस्वरूप लिहिण्याइतका आदर मनात उरला आहे का, हे मला माहीत नाही, आणि नुसतं सिंधुबाई लिहायला हात धजत नाही. वर्गात आम्ही 'बाई' म्हणत होतो, तेच लिहिते.

मी विजयमाला गेणू राऊत. बारामतीची, कालव्याकडच्या मळ्यातली. घरी मला झुंबर म्हणतात. शाळेच्या पटावर विजयमाला हे नाव तुम्ही घातलंत. आबा मला शाळेत घालायला आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर मेथीची पाटी होती आणि ती उतरवायला तुम्ही हात लावला होता. आबा हे अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. तुम्हाला आठवत नसेल.

तुमचा पत्ता तुमच्या भाच्याकडून मिळाला. ते इथं बाजाराला येतात. तुम्ही लासुर्ण्याला त्यांच्याकडे राहता, असं ते म्हणाले. मी सुट्टीत बारामतीला जाते तेव्हा मोटार लासुर्ण्याला थांबते. म्हणजे दोन वर्षं मी तुमच्या गावावरून जातयेत होते.

मी बी. ए. झाले. आमच्या घरात मीच पहिली. आता इंदापुरात मुलींच्या शाळेत आहे. शाळा इथल्या एका मंडळाची. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात आणि मास्तरीण मी एकटीच.

हे पत्र तुमच्या चौकशीसाठी नाही. मला एकच विचारायचं आहे. आम्ही चौथीत असताना एका सकाळी तुम्ही हजेरी घेत होता. निम्म्या नावांवर थांबलात. टाक खाली ठेवलात, चपला घातल्यात आणि निघून गेलात. पाणी प्यायला गेला असाल असं आम्हाला वाटलं. घंटा होईपर्यंत आम्ही हाताची घडी घालून बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी नवे मास्तर आले. तुम्ही आजारी नव्हता, तुमचं कुणी वारलं नव्हतं. हे मी पुढे विचारून काढलं.

मी तुमच्यावर फार रागावले होते. आता राग नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. राग आहे, फक्त तो फारसा जाणवत नाही. हल्ली काहीच फारसं जाणवत नाही. म्हणूनच लिहिते आहे. डॉक्टरला विचारावं तसं विचारते. तुम्हाला हे कसं सुरू झालं?

उत्तर कार्डावर चालेल.

वि. गे. राऊत


इंदापूर,
ता. २८ नोव्हेंबर १९३७

बाई,

उत्तर आलं नाही. चूक माझी असावी. डॉक्टरला विचारताना आपलं दुखणं आधी सांगावं लागतं. ते सांगते.

इथं मुली आपणहून शाळेत येत नाहीत. त्यांना घरोघर जाऊन बोलवावं लागतं. आपल्या शाळेतही त्यासाठी एक बाई होती. इथं छबूबाई होती. सकाळी ती गल्लीगल्लीतून फिरायची, दारात उभी राहून हाक मारायची, एखादीची वेणी स्वतःच घालायची, दुसरीच्या आईशी भांडायची आणि पोरींची रांग घेऊन शाळेत यायची. गेल्या हंगामात तिचा नवरा उसाच्या कामावर सणसरकडे गेला. तीही गेली. मी मंडळाकडे दुसरी बाई मागितली. बापूसाहेब मंडळाचे अध्यक्ष आहेत. ते म्हणाले, "बाई, तुमच्या शब्दाला जो मान हाय त्यो छबूच्या हाकंला हाय का?"

मला ते पटलं. मीच जाऊ लागले.

पहिले काही महिने मला ते आवडायचं. प्रयागबाई दारातूनच सांगायची, "आज न्हाय येत वो पोरगी. शेळी यायलीया." मी म्हणायचे, "शेळीला करडू झालं, पोरीला नाही." ती हसायची आणि पोरीच्या पाठीत एक थाप मारून तिला बाहेर काढायची. आता ती तेच म्हणते आणि मी म्हणते, "बरं." पुढच्या दारी जाते. परवा मी वळले तशी मागून तिचा आवाज आला, "मास्तरीणबाई, आज भांडला न्हाय व्हय?"

हे 'बरं' कुठून आलं मला माहीत नाही. ते सगळीकडे चालतं. मुलगी लग्न ठरलं म्हणून सांगते, बरं. फळ्याचा पाय मोडतो, बरं. पाढे चुकतात, बरं.

आणखी एक सांगायला हवं. मी बी. ए. झाले तेव्हा बारामतीत माझा सत्कार झाला. आबांनी नवा पटका बांधला होता. मी भाषणात म्हणाले, "शाळा हाती आली तर मी ती एक दिवसही बंद ठेवणार नाही. मुलींना मध्येच टाकून जाणार नाही." टाळ्या पडल्या. बाई, ते वाक्य तुम्हाला उद्देशून होतं. तुम्ही तिथं नव्हता, पण मी तुमच्याशीच बोलत होते.

ते वाक्य माझ्या आधीच इंदापुरात येऊन पोचलं होतं. मी ते पाळलं. तापातही शाळा भरवली. संध्याकाळी शिवणाचा वर्ग काढला, रात्री बायकांचा अक्षरओळखीचा. रविवारी माझ्या दारात लोक कागद वाचून घ्यायला बसलेले असतात. मी कशालाच नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं की मी तुमच्यासारखी होईन, असं वाटायचं.

पुढच्या साली मी राहणार की नाही, हे गुढीपाडव्यापर्यंत बापूसाहेबांना सांगायचं आहे. मी गेले तर मंडळ शाळा बंद करणार. मुलींना मुलांच्या शाळेत बसवू, असं ते म्हणतात. तिकडं एकही आई पोरगी धाडणार नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही.

वि. गे. राऊत


इंदापूर,
ता. १९ डिसेंबर १९३७

बाई,

कार्ड मिळालं. "पत्रे पोचली. त्या विषयावर मी आता बोलत नाही. प्रकृतीस जपावे." अक्षर ओळखलं. तुमचा 'र' तसाच आहे.

तुम्ही बोलत नाही, तर मी सांगते. कुणाला तरी सांगायला हवं, आणि आबांना सांगता येत नाही. ते बाजारात भाजी विकता विकता माझ्याबद्दल बोलतात.

चौथीत बिस्मिल्ला नावाची मुलगी आहे. बांगडीवाल्या सिकंदरभाईंची. वर्गात तिच्यासारखं वाचणारी दुसरी नाही. ती कुठंही अडत नाही, आणि स्वल्पविरामाला श्वास घेते. दोन वर्षांपूर्वी तिचं वाचन ऐकून मी घरी जाताना एकटीच हसत गेले होते. हे मला आठवतं, पण दुसऱ्या कुणाचं आठवावं तसं आठवतं.

गेल्या मंगळवारी दुपारी मी तिला रेशमाच्या किड्याचा धडा वाचायला उभं केलं. मग मी खिडकीकडे बघत बसले. खिडकीतून काही दिसत नाही, पलीकडे भिंत आहे. ती वाचत होती हे मला माहीत होतं. पाऊस पडतो आहे हे घरात बसून माहीत असतं, तसं. खूप वेळानं आवाज थांबला म्हणून मी मान वळवली. बिस्मिल्ला उभीच होती. तिचा घसा पूर्ण बसला होता. तिनं धडा संपवला होता, मी बस म्हणाले नाही म्हणून पहिल्यापासून पुन्हा वाचला होता, आणि पुन्हा. तो किती वेळा झाला हे इतर मुलींनी मोजलं होतं. मी विचारलं नाही.

मी म्हटलं, "बरं. बस."

ती बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी दारात गेले. तिची आई मेहबूबबी फुटक्या बांगड्यांची काच निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरीचा घसा बसलाय. बांगड्या विकाया आवाज लागतो. शाळंला न्हाय लागत जणू."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी दारात उभी राहून त्याची वाट पाहिली. आलं नाही. मग पुढच्या दारी गेले.

तुम्ही हजेरी टाकून निघून गेलात. मी गेले नाही. मी खुर्चीवर बसूनच गेले. यातलं वाईट कुठलं, हे आता मला सांगता येत नाही.

विजयमाला राऊत


इंदापूर,
ता. १८ जानेवारी १९३८

बाई,

शाळा एक दिवस बंद राहिली. मी ठरवून ठेवली नाही. कसं झालं ते लिहिते.

बिस्मिल्ला आली नाही ती आलीच नाही. मग तिच्या गल्लीतल्या बाकीच्याही गळाल्या. मी रोज हाक मारायचे, रोज काहीतरी कारण यायचं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी मेहबूबबीच्या दारात गेले तर पुढं कुणी नव्हतं. मागच्या अंगणातून पोरींचे आवाज येत होते. मी घराला वळसा घालून गेले.

त्या शाळा-शाळा खेळत होत्या. चार-पाच जणी ओळीत बसल्या होत्या. बिस्मिल्ला बाई झाली होती. ती एका उलट्या घमेल्यावर भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर पालथे, नजर वर छपराच्या वळचणीला. तिच्यापुढं प्रयागबाईची पोरगी उभी राहून रेशमाच्या किड्याचा धडा तोंडपाठ म्हणत होती. धडा संपला की पहिल्यापासून. बिस्मिल्ला हलत नव्हती. बाकीच्या तोंडावर पदर धरून हसत होत्या. खेळाचा नियम माझ्या लक्षात आला. म्हणणारीनं थांबायचं नाही, हसायचं नाही. बाईंनी आपल्याकडे बघेपर्यंत जी टिकेल ती जिंकली.

पोरगी फुसकन हसली आणि हरली.

"दुसरी," बिस्मिल्ला वळचणीकडेच बघत म्हणाली. तो आवाज माझा होता. मी तो बाहेरून कधी ऐकला नव्हता.

त्या मला दुखवायला खेळत नव्हत्या. त्यांना मजा येत होती. मोडक्या मडक्याची चाकं करतात तसा त्यांनी त्याचा खेळ केला होता.

मग एकीनं मला पाहिलं आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. बिस्मिल्लाची नजर खाली आली. ती इतकी घाबरली की घमेल्यावरून उठायचं तिला सुचलं नाही. खेळातलाच आवाज तिच्या तोंडून निघून गेला.

"बरं. बस."

मी बसले. त्यांच्या ओळीत, शेवटी, भुईवर. बसल्यावर कळलं की माझे पाय दुखत होते. किती दिवस दुखत होते कुणास ठाऊक.

मेहबूबबी बाहेर आली. "आगं बया, मास्तरीणबाईला मातीत बसवलं? पोतं तरी दे की गं."

"राहू दे," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे कसं? नवं लुगडं हाय." तिनं माझ्या लुगड्याकडे नीट पाहिलं. "नवं न्हाय, पर लुगडं हाय." पोतं आलं. मग भाजलेल्या शेंगा आणि गूळ आला. ती मला काही बोलली नाही. मी मात्र म्हटलं, "मेहबूबबी, त्या दिवशी पोरीला मी उभं ठेवलं." ती म्हणाली, "ठावं हाय. शेंगा खा."

खेळ थांबवा असं कुणी म्हणालं नाही म्हणून तो पुन्हा सुरू झाला. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि रेशमाच्या किड्याचा धडा म्हणू लागले. बिस्मिल्ला वळचणीकडे बघत होती. धडा संपला. मी पहिल्यापासून सुरू केला. बाई, दुसऱ्यांदा म्हणताना कसं वाटतं ते आता मला माहीत आहे. आपण तिथं नसल्यासारखं वाटतं. आवाज आहे, आपण नाही.

बिस्मिल्लानं पटकन माझ्याकडे पाहिलं.

"आत्ता गं," प्रयागबाईची पोरगी म्हणाली, "लबाड हाईस. आमच्याकडं बघत न्हाईस अन् बाईंकडं लगीच बघितलंस."

"त्यांचा घसा बसला अस्ता," बिस्मिल्ला म्हणाली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मला शाळेची आठवण झाली. किल्ली माझ्या कमरेलाच होती. उठून जाता आलं असतं. मी तिथंच भिंतीला टेकले आणि मला झोप लागली.

एवढं ते वाक्य, सत्कारातलं. मोडलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

संध्याकाळी बापूसाहेब आले. "आज शाळंला कुलूप दिसलं."

"हो."

"आजारी व्हता?"

"नाही."

"मग?"

"मेहबूबबीच्या अंगणात बसले होते."

"बसला व्हता," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी बराच वेळ पटका नीट केला. मग म्हणाले, "बारामतीच्या सत्कारात तुमी काय बोलला व्हता, ते आमी हितं समद्यास्नी सांगितलंय."

"माहीत आहे," मी म्हटलं.

विजयमाला


इंदापूर,
ता. २७ मार्च १९३८

बाई,

तुमचं पत्र येऊन महिना झाला. ते मी पुष्कळदा वाचलं. उत्तर लिहायच्या आधी काही गोष्टी उरकायच्या होत्या.

तुम्ही लिहिलं आहे, "एके दिवशी पटावरची सगळी नावे मला एकच वाटू लागली. कुणाला सांगितले नाही. लोक माझ्या त्यागाबद्दल बोलत. त्यात दमले असे म्हणायला जागा नव्हती." आणि पुढे, "मी गेल्यावरही तू शिकलीस, बी. ए. झालीस. मग माझ्या जाण्याने काय बिघडले, असे मी मनाला सांगते. कधी पटते, कधी नाही." शेवटी लिहिलं आहे, "मन लागेल तेव्हा शिकवीन म्हणून थांबू नकोस. मन मागून येते, कधी येतही नाही. राहा किंवा जा. पण दमलीस तर दमले म्हण. मी म्हटले नाही आणि एकदम उठले."

तुम्ही गेल्यावर मी शिकले हे खरं आहे. इतकी वर्षं मी ते कधी तुमच्या बाजूनं मोजलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात बापूसाहेब पाडव्याचं विचारायला आले. मी म्हटलं, "एक वर्ष राहीन. पण रात्रीचा वर्ग आजपासून बंद. महिन्यातून एक दिवस मी रजा घेईन, कारण विचारायचं नाही. आणि मुली बोलवायला बाई हवी."

"अन् न्हाय म्हणलं तर?"

"तर पाडव्यानंतर मी बारामतीला जाते."

"पोरींचं काय?"

"ते तुम्ही बघा."

"एवढं दगडावानी बोलता व्हय, बाई?"

"दगड नाही. दमले आहे," मी म्हटलं.

हे मी पहिल्यांदाच म्हटलं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बापूसाहेबांनाच काय करावं कळेना. ते उठले, पुन्हा बसले. म्हणाले, "माझी थोरली भन बावड्याला दिलीया. तीबी हेच म्हणायची. आमी म्हणायचो, कशानं गं दमतीस? घरात तर असतीस." मग म्हणाले, "रात्रीचा वर्ग ऱ्हावा असं माझ्या लई मनात व्हतं."

"नाही."

"बरं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी तो शब्द ऐकून मला बरं वाटलं. रजा मान्य झाली. बाई बघतो म्हणाले. जूनपर्यंत बघतील की नाही, सांगता येत नाही.

तोवर मीच बोलवायला जाते. पण काल सकाळी मी उठले नाही. जाग होती, अंग उचलत नव्हतं. असे दिवस अजून येतात, आणि येतील असं दिसतं. बिस्मिल्ला माघ संपताना शाळेत परत आली होती. ती आल्यावर गल्लीतल्या बाकीच्याही आल्या. काल माझी हाक आली नाही म्हणून त्या एकमेकींना बोलवत निघाल्या असाव्यात, आणि शाळेला कुलूप बघून माझ्या दारात आल्या. दाराबाहेर कुजबुज झाली. मग बिस्मिल्लानं छबूबाईचा हेल जसाच्या तसा काढून हाक मारली.

"मास्तरीणबाई, चला वो शाळंला."

मी अंथरुणातूनच म्हटलं, "आज न्हाय येत. शेळी यायलीया."

मग प्रयागबाईच्या पोरीचा आवाज आला, "शेळीला करडू झालं, तुमाला न्हाय."

मी उठले. तोंड धुतलं, केस बांधले आणि गेले. फार आनंद झाला असं लिहिणार नाही. पाढे घेतले, शुद्धलेखन घेतलं. बिस्मिल्लानं नवा धडा वाचला. निम्मा मी ऐकला, निम्म्यात पुन्हा खिडकीकडे नजर गेली. पण धडा संपला तेव्हा मी तिच्याकडे बघत होते आणि वेळेवर बस म्हणाले.

एक गोष्ट मात्र कालपासून मनात आहे. त्या सकाळी तुम्ही गेल्यावर आम्ही हाताची घडी घालून बसून राहिलो. तुमची खोली शाळेच्या मागच्याच गल्लीत होती. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती. मुलींना बोलवायला बाई असते. बाईंना बोलवायला कुणी असतं हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं, म्हणून कुणाला सुचलं नाही.

पाडव्याला मी बारामतीला जाते आहे. मोटार लासुर्ण्याला थांबली की उतरणार आहे. तुमच्या दारात उभी राहून हाक मारीन. शाळेत चला, असं म्हणणार नाही. यायचं नसेल तर शेळी यायली म्हणून आतूनच सांगा. मी बाहेर थोडा वेळ बसेन.

विजयमाला